पापड, पिस्तूल आणि माझा पहारा

चहा आधी संपवा, मग सांगतो. ऐकताना ठसका लागला तर मी जबाबदार नाही!

लोणी गावात आमचं हार्डवेअरचं दुकान. वर घर, त्यावर गच्ची. लेक सासरी, सुरतेला. तिला दिवस गेलेले आणि डोहाळे कसले? तर आईच्या हातच्या मुगाच्या पापडांचे! झालं. गुडघ्यांनी बेजार झालेली आमची कांता पोळपाट घेऊन बसली. "लेकीनं मागितलंय," एवढंच म्हणायची.

पापड गच्चीवर पडले की वानरांची टोळी हजर! मग कांता रणरणत्या उन्हात काठी घेऊन बसायची. मला काही ते बघवेना.

घरात भाच्याचं एअरसॉफ्ट पिस्तूल पडून होतं. गॅसवर चालणारं, प्लास्टिकचे छर्रे उडवणारं खेळणं. छर्रे मी घालणार नव्हतो हं! आम्ही जैन माणसं, आमच्याकडे झुरळसुद्धा सुपलीत घेऊन मानानं बाहेर सोडतात. मला हवा होता फक्त आवाज. आणि आवाज कसला, तर 'फुस्स'! एक वानर जवळ येऊन नळीत डोकावून गेलं.

म्हटलं, थांब लेका, व्हॉल्व्हच बदलतो! एका दमात भरपूर गॅस सोडणारा व्हॉल्व्ह मागवला आणि दुकानात बसून बसवला. जन्मभर नळांचे व्हॉल्व्ह विकले, मला कोण शिकवणार?

दुपारी कांता गिरणीत निघाली. "पापडांकडं बघा. जागचं हलू नका!"

वानरं आली. मी हात वर करून चाप ओढला.

फट्टाक्!

वानरं पसार! मी खूश! पण एक गोष्ट डोक्यातून पार गेली होती. आमच्याकडे दिवाळी नाही, लग्न नाही आणि बार उडाला, तर त्याचा अर्थ एकच: बिबट्या दिसला! उसातून तो बाहेर आला की लोक त्याला पळवायला फटाके लावतात.

समोरच्या वस्तीवर फटाक्यांची माळ तडतडली. मग पलीकडच्या वस्तीवर. मळ्यामळ्यांतून थाळ्या वाजायला लागल्या. आणि मी शहाणा काय समजलो? बाप रे, खरंच बिबट्या आला! गावाला सावध करायला मी आणखी बार काढले!

खालून शेजारचे शांतारामभाऊ ओरडले, "शेठ, आत व्हा! बिबट्या आलाय!"

"कुठं?"

"तुमच्याच घराकडं! पयला बार हितनंच झाला न्हवं!"

"तुम्ही बघितला?"

"बघितला म्हंजी? लई मोठा व्हता!"

कांता! गिरणीची वाट उसाच्या कडेनं जाते आणि तिचे गुडघे तसले! पिस्तूल तिथंच टाकलं आणि अनवाणी पळत सुटलो.

ती वळणावरच भेटली. चक्क धावत येत होती! पिठाचा डबा नाही, हातात कुणाची तरी काठी.

"अगं, कुठं पळतेस? बिबट्या आलाय!"

"म्हणून तर आले! लोक म्हणाले, आपल्याच घरावर आलाय. तुमी एकटे व्हता ना!"

जिना चढताना माझा खांदा धरणारी बाई माझ्यासाठी बिबट्यावर चालून निघाली होती. खोटं कशाला बोलू, भर रस्त्यात मला रडू आलं.

रडता रडता पहिला बार कुणाचा ते सांगून टाकलं. कांतानं हातातली काठी खाली टेकवली. मग शांतपणे म्हणाली, "आन् पापडांपाशी कोण हाय?"

गच्चीवर गेलो. वानरं होती, पापड नव्हते. एक वानर पिस्तूल मांडीवर घेऊन ढेकर देत बसलं होतं.

गावाची मी हात जोडून माफी मागितली. शांतारामभाऊ मात्र अजून म्हणतात, "ते खरं शेठ, पण व्हता हं!"

पापड पुन्हा लाटले, या खेपेला दोघांनी मिळून. माझे सगळे नकाशासारखे झाले. लेकीनं फोनवर बजावलं, "बाबा, तुमचेच पापड आधी पाठवा!"

म्हणून काल गच्चीवर राखणीला मी बसलो होतो, हातात काठी घेऊन. एवढ्यात गावात कुणाच्या तरी वरातीचा बार उडाला. आणि काय सांगू, वानरं पळायच्या ऐवजी धावत आली! कठड्यावर ओळीनं बसली आणि माझ्याकडे बघायला लागली.

मी उठून पळतो कधी, याची वाट बघत होती!