जाहिरातींपुरता चहा

मुलाने आणलेल्या संचातली पहिली डिस्क लावली. जुनी हिंदी मालिका, माझ्या आवडीची. भाग संपला तेव्हा लक्षात आलं, मी चहा ठेवलाच नाही. मध्ये जाहिरातीच नव्हत्या.

नव्वदच्या दशकात लग्न होऊन मी सांगलीहून बंगळुरूला आले. यशवंतपूरला दोन खोल्या होत्या. नवरा पीण्या नावाच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यातून अंधार पडल्यावर यायचा. दुपारी टीव्हीवर हीच मालिका पुन्हा दाखवत. आम्ही ती घरी आधी पाहिलेली होती, तरी सांगलीत आई त्या वेळी टीव्हीसमोर बसायची. मी निघताना म्हणाली होती, "जाहिराती लागल्या की मी चहा ठेवीन. तूही ठेवत जा."

एका दुपारी जाहिरातींच्या जरा आधी वीज गेली. मी काळ्या पडद्यासमोर तशीच बसून राहिले. शेजारच्या अक्का दारात आल्या. पिढ्यान् पिढ्या इथलेच मराठी लोक ते.

"करंट गेलाय की गं. काय बघत बसलीस?"

"आई तिकडे बघतेय अजून," मी म्हणाले, आणि रडू आलं.

अक्का आत आल्या. मग म्हणाल्या, "सरी, बरं, ऊठ. चहा ठेव. तिकडं वेळ झाली असंल."

तेव्हा त्या दुपारइतकं एकटं काही नाही असं वाटलं होतं. आज त्याच दुपारचा हेवा वाटतो.

त्या दिवशी राहिलेला भाग काल लावला. मध्येच थांबवला आणि चहा ठेवायला उठले. पडद्यावरची माणसं माझी वाट बघत थांबली. सांगलीत कुणी उठलं नाही.