एकनाथकाका आणि तीन नंबरचा पिंजरा

अमेरिकेत पिस्कॅटवेतल्या आमच्या लॅबचे उंदीर एकनाथकाका सांभाळतात. मूळचे वर्ध्याचे, तिथे गुरांच्या दवाखान्यात होते. आता साठी ओलांडली. उंदरांशी मराठीत बोलतात आणि प्रोफेसरांशी बोलतच नाहीत. पिंजऱ्यात काहीही बदललं की बाहेरच्या कार्डावर तारीख, काय केलं ते, आणि सही, हा त्यांचा नियम. "ज्यानं केलं, त्यानं साइन करायचं," म्हणतात. आम्ही पीएचडीवाले मात्र स्वतःला इतके शहाणे समजतो की कार्ड वाचायला आम्हाला फुरसत नसते.

त्या गुरुवारी मी तीन नंबरच्या पिंजऱ्यातले चार उंदीर कॅमेऱ्याखाली ठेवले. आधी टोचलेला रंग कॅन्सरच्या गाठीत जाऊन चमकतो. मग एमआरआय काढून दोन्ही चित्रं एकावर एक ठेवली की गाठ नेमकी कुठे आणि केवढी ते कळतं. गाठ आम्ही मांडीत वाढवली होती, ती तिथेच हवी होती. स्क्रीनवर चौघांचीही पोटं लखलखत होती.

गाठ पोटात पसरली असेल तर आम्ही तपासत असलेलं औषध कुचकामी, दोन वर्षं पाण्यात, आणि नियमाप्रमाणे चौघांनाही त्याच दिवशी संपवायचं. एमआरआय तीन वाजता मिळणार होता. तोवर थांबायला हवं होतं. पण घाबरलेल्या माणसाला कागद भरला की बरं वाटतं. मी उंदीर संपवायचा फॉर्म भरून तिघांसोबत काकांकडे पाठवला, एमआरआयसाठी एक उंदीर ठेवून घेतला आणि तीनपर्यंत नखं खात बसले.

एमआरआयमध्ये पोट स्वच्छ होतं. गाठीचा मागमूस नाही.

मी धावत सुटले. प्राण्यांच्या खोलीत फोन लागत नाही, आणि आत जायचं तर गाऊन, टोपी, मास्क, ग्लोव्ह्ज, बुटांवर पिशव्या. गाऊनच्या नाड्या सुटेनात, बांधता येईनात. मला रडू येत होतं.

"काका, थांबा! कॅन्सल केलंय!"

ते पिंजऱ्यासमोर उभे होते. त्यांनी कार्डाकडे बोट केलं. सोमवार: खात नाहीत, वजन कमी. पांढरं खाणं बंद, हिरवं दिलं. ए.

"पांढऱ्याला तोंडच लावत नव्हते गं. हिरव्यात लसूणघास असतो, गुरांना घालतात तो, आवडीनं खातात."

लसूणघासाचा हिरवा रंग आमच्या कॅमेऱ्यात चमकतो. म्हणून तर ते पांढरं खाणं मीच मागवलं होतं. पोटात गाठ नव्हती, जेवण होतं. चार दिवस ते कार्ड माझ्या नाकासमोर लटकत होतं.

"काका, तिघेही आहेत ना?"

"दोन आहेत," ते म्हणाले. "एक झाला. तुझा फॉर्म आला होता ना."

पिंजऱ्यातले दोघे एकमेकांना चिकटून झोपले होते. काकांनी कार्ड काढलं, तारीख घातली, उंदराचा नंबर लिहिला. पेन माझ्यापुढे धरलं.

"इथं तू साइन कर."