बुधवारचा शिक्का

दर बुधवारी समुपदेशक मॅडम आमच्या दवाखान्यात येतात. घरात मार खाल्लेली, नको ते पाहिलेली मुलं त्यांच्याकडे असतात. त्यांची खोली माझ्या केसपेपरच्या खिडकीला लागून आहे. हंगामात त्या पिशवीभर तुरीच्या हिरव्या शेंगा आणतात आणि मुलांसोबत सोलत बसतात. नजर शेंगांवर असली की बोलणं सोपं जातं, म्हणे. कोणी तासभर गप्प राहिलं तरी त्यांना घाई नसते.

एकदा त्या खिडकीशी आल्या. "भाऊ, शिक्का जरा हळू मारत जा. आतली पोरगी दचकून राह्यली."

मला राग आला. वीस वर्षं मी असाच दणका देत आलोय. तरी त्यानंतर दर बुधवारी मी शिक्का नुसता दाबू लागलो.

परवा तीच मुलगी आपला केसपेपर घेऊन खिडकीशी आली. "काका, शिक्का मी मारू काय?"

मी मॅडमकडे पाहिलं. त्या दारात उभ्या राहून शेंग सोलत होत्या. मी शिक्का पुढे केला. मुलीने तो दोन्ही हातांनी उचलला आणि टेबल हादरेल असा आपटला.

दचकलो तो मी.