फोटूनं काढलेलं पहिलं लग्न

तीन वर्षांपूर्वी, मी लहान असताना, म्हणजे फक्त सदुसष्ट वर्षांची असताना, माझ्या हातून एक मूर्खपणा झाला. कळमनुरीला माझ्या नणंदेच्या नातीचं लग्न होतं आणि फोटोसाठी मी सगळं वऱ्हाड उंचीप्रमाणे उभं केलं. बुटके पुढे, उंच मागे, हात पाठीशी, नजर समोर. बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. दरवर्षी वर्गाचा फोटो असाच निघायचा आणि फोटो म्हणजे असाच असतो, अशी माझी पक्की समजूत. त्या लग्नाच्या फोटोंवर एका पोरीचं पुढचं सगळं अडकलेलं होतं, हेही मला ठाऊक होतं. तरी मी फक्त शिट्टी वाजवायचीच काय ती बाकी ठेवली.

ती पोरगी म्हणजे आमच्या शेजारच्या मारोतरावांची थोरली. जवळा बाजारच्या अलीकडे आमचं गाव. मारोतरावांची मेंढरं आणि थोडं रान. हजेरीपटावर पोरीचं नाव वेगळं होतं, पण गाव तिला फोटू म्हणायचं. तिची एक अजब रीत होती. ज्याचा फोटो काढायचा, त्याच्याकडे ती आधी पाठ करून बसायची. पाच मिनिटं, दहा मिनिटं, कधी अर्धा तास. तोंडानं इकडचं तिकडचं बोलणं चालू. समोरचा तिला विसरून आपल्या कामाला लागला, की ही गर्रकन वळायची.

"काहून गं, रुसली का माझ्यावर?" पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी विचारलं होतं.

"न्हाई आज्जी. मेंढराकडं एकटक पाह्यलं की ते बुजतंय. पाठ करून बसलं की आपल्या पायानं जवळ येतंय. मान्साचं बी तसंच हाय."

मी तूर निवडत होते. ती उंबऱ्यावर बसून तिच्या शेळीच्या बाळंतपणाची हकीगत सांगत होती आणि मी हसत होते. त्या हसण्याचाच फोटो तिने काढला. दाखवला तेव्हा मी दचकले. तोंड उघडं, पदर खांद्यावर आणि वरची पडलेली दाढ साऱ्या जगाला दिसतेय. म्हटलं, "हा आधी पुसून टाक. दाढ पडलेली दिसते." ती शांतपणे म्हणाली, "पडलीच हाय की आज्जी."

मला खोड्या काढणारी माणसं आवडतात, पण मी काढल्या तरच. त्यामुळे चार दिवस मी तिच्याशी बोलले नाही. खरं तर असल्या फोटोची मला सवयच नव्हती. माझ्या स्वतःच्या लग्नात फोटोवाला "हलू नका" म्हणाला, ते मी इतकं मनावर घेतलं की श्वाससुद्धा घेतला नाही. त्या फोटोतली नवरी चक्कर येऊन पडायच्या बेतात आहे. पन्नास वर्षं मी तो फोटो "किती सोज्वळ दिसते बघा" म्हणून लोकांना दाखवत आले.

फोटूचा कॅमेरा जुना होता. हिंगोलीच्या एका फोटोवाल्याकडे दोन लग्नसराया तिने दिव्याचा दांडा धरला, त्या बदल्यात त्याने आपला टाकाऊ कॅमेरा तिला दिला. पट्टा तुटलेला, म्हणून तिने मेंढराच्या लोकरीची दोरी वळून त्याला लावली होती. बारावीचं पुस्तक उघडं ठेवून ती तो कॅमेरा पुसत बसायची. गावातल्या पारावर तिच्या भवितव्याची चर्चा रोज व्हायची. "फोटोत काय ठेवलंय?" असं जो तो म्हणायचा. हे म्हणणाऱ्यांपैकी प्रत्येकाचा वाढदिवसाचा बॅनर फाट्यावर लागलेला असायचा, गॉगल लावून, हात जोडून. आणि बोलणं संपलं की हळूच, "फोटू, माझा एक काढ ना, पोट दिसू नको देऊ."

नांदेडचा एक स्टुडिओवाला तिला कामावर ठेवून शिकवायला तयार होता. मारोतराव माझ्याकडे आले, ओसरीवर टेकले आणि टोपी मांडीवर काढून ठेवली.

"बाई, हिला खरंच येतं का, हे मला कसं कळावं? मला तर मेंढरातलं कळतं."

"परीक्षा घेऊ," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार? माझ्या नणंदेला मी त्याच दिवशी फोन लावला आणि नातीच्या लग्नाचं काम फोटूला मिळवून दिलं.

"बराबर हाय," मारोतराव उठता उठता म्हणाले. "फोटू चांगले निघाले तर नांदेडला धाडतो. न्हाई तर अठरा पुरले की स्थळ बघतो. मंग बाई, तुमी मधी बोलू नका."

आता परीक्षा घेणाऱ्याने परीक्षा घ्यावी, पेपर सोडवू नये. पण मला राहवेना. पोरगी 'प्रोफेशनल' दिसली पाहिजे म्हणून मी लोकरीची दोरी काढून चकचकीत पट्टा लावला. आठ खिशांचं जाकीट घालायला लावलं. खिशात ठेवायला तिच्याकडे काही नव्हतं, तर मीच ओवा, सुपारी आणि टाचण्या भरल्या. मांडवात पाहते तर ही हळदीच्या पाटाशेजारी नवरीकडे पाठ करून बसलेली!

"अगं, पाहुण्यांसमोर अशी बसतेस? ऊठ!"

"आज्जी, जरा दम धरा. नवरी आत्ता कुठं मोकळी होऊन राहिली."

"मोकळी नंतर होईल. आधी ओळी कर."

आणि मग मीच ओळी केल्या. निम्मं वऱ्हाड माझ्या हाताखालून गेलेलं. मी "चला, रांगेत" म्हटल्याबरोबर चाळिशीतले बाप्ये पुढच्याच्या खांद्यावर हात टेकवून अंतर घ्यायला लागले. मुली डावीकडे, मुलं उजवीकडे. त्यामुळे झालं असं की नवरी एका टोकाला गेली आणि नवरदेव, उंच असल्यामुळे, दुसऱ्या टोकाला पाचव्या ओळीत, मांडववाल्याच्या मागे. नवरदेवाचे मामा जरा ठेंगणे. त्यांना मी पहिल्या ओळीत पोरांच्या बरोबर मांडी घालून बसवलं. मामा जेवणावर रुसून जीपमध्ये जाऊन बसले, ते वरात निघेपर्यंत उतरले नाहीत. मी फोटूच्या कानाशी उभी राहून "एक, दोन, तीन, हसा!" ओरडत होते. 'हसा' म्हटलं की सगळं वऱ्हाड शाळेत दात तपासायला डॉक्टर आल्यासारखं दात दाखवायचं. दिवसभर असं चाललं. फोटू मी सांगेन तेव्हा बटण दाबत राहिली.

अल्बम आला आणि नणंदेचा फोन आला. "वहिनी, त्या पोरीला म्हणावं, मेंढरंच राख."

मी म्हणाले, "हं." वर असंही म्हणाले की पोरगी अजून कच्ची आहे. हा माझा दुसरा मूर्खपणा, आणि पहिल्यापेक्षा हलकट.

कळमनुरीला गावातून आम्ही दोघीच गेलो होतो, त्यामुळे गावाला फक्त निकाल कळला. बॅनरवाल्या मंडळींना फार आनंद झाला. "आम्ही म्हणतच होतो," असं जो तो सांगायला लागला. फोटूने कॅमेरा खुंटीला अडकवला आणि बापाबरोबर मेंढरांमागे जायला लागली. एकदा मला विहिरीवर भेटली, तेव्हा मी चाचरत विचारलं, "वडिलांना सांगितलं नाहीस, ओळी कुणी लावल्या ते?"

"काय सांगू आज्जी? बटन तर मीच दाबलं."

आयुष्यभर मी वर्गात खरं बोलायला शिकवलं. त्यासाठी छडीसुद्धा वापरली. आणि मीच दिवाळी होईपर्यंत गप्प राहिले.

दिवाळीनंतर फोटूला अठरा पुरले आणि वसमतकडची माणसं तिला बघायला आली. मारोतरावांनी मला मानाने बोलावून सतरंजीवर बसवलं. मुलाच्या आईने विचारलं, "पोरगी काय करती?"

"काही न्हाई," मारोतराव म्हणाले. "घरीच राहती."

तेवढ्यात फोटू पोहे घेऊन आली. माझ्यापुढे बशी ठेवली आणि माझ्याकडे न पाहता पुढे गेली. तिने मला दोन शिव्या दिल्या असत्या तर ते पोहे माझ्या घशाखाली उतरले असते.

मी उठून उभी राहिले. गुडघे दुखत होते, तरी उभी राहिले. "मारोतराव, कळमनुरीचे ते फोटो हिनं काढलेले नाहीत. मी काढले. वऱ्हाड मी उभं केलं, हसायला मी लावलं, हिला नीट बसूही दिलं नाही. हिनं फक्त बटण दाबलं. आणि हे मी इतके दिवस लपवलं."

मुलाची आई पोह्यांची बशी खाली ठेवत म्हणाली, "ते सगळं ठीक हाय. पर पोरीला सैपाक येतो का न्हाई?"

मारोतरावांनी तिच्याकडे लक्षच दिलं नाही. ते मला म्हणाले, "बाई, तुमी माझ्या लेकराला नापास केलं व्हय?"

बत्तीस वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. विचारायला हवा होता अशी दहा-बारा घरं मला उभ्या उभ्या आठवली.

"हो," मी म्हणाले.

"मंग पुन्यांदा परीक्षा घ्यायची. पर या टायमाला तुमी घरात बसायचं. दार लावून."

वसमतची माणसं पोहे खाऊन गेली आणि 'ज्या घरात शेजारची म्हातारी भाषण करते तिथं सोयरीक नको' असा निरोप त्यांनी पाठवला. नणंदेला मी फोन करून खरं सांगितलं, तर ती म्हणाली, "ते काय सांगायला लागतं वहिनी? नवरदेवसुद्धा सावधान उभा आहे. मी तुमच्या तोंडून ऐकायला थांबले होते."

आठ दिवसांनी मेंढरं कातरायची होती. मी कबूल केल्याप्रमाणे दार लावलं. खिडकीबद्दल कुणी काही बोललं नव्हतं. फोटू लोकरीची दोरी गळ्यात घालून दगडावर बसली, बापाकडे पाठ करून. "काढनार हाईस का नुसतीच बसनार हाईस?" मारोतराव दोनदा खेकसले. मग ते कामात बुडाले. एका कोकराच्या खुरात काटा मोडला होता. त्यांनी ते मांडीवर घेतलं आणि त्याच्याशी काहीतरी पुटपुटत काटा काढायला लागले. फोटू वळली.

मला राहवलं नाही, मी दार उघडून गेलेच. कॅमेऱ्याच्या मागच्या इवल्याशा काचेत मारोतराव ओठ मुडपून हसत होते. कोकरू डोळे मिटून पडलेलं. मारोतरावांनी कॅमेरा दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ पाहिला.

"ह्यो मी न्हाई," ते म्हणाले. "ह्यो माझा बाप हाय. असाच हसायचा. त्याचा एक बी फोटू न्हाई घरात."

कॅमेरा पोरीच्या हातात देऊन ते मेंढरांकडे निघून गेले. त्याच आठवड्यात त्यांनी तिला स्वतः नांदेडच्या बसमध्ये बसवून दिलं.

फोटूचं पुढे काय झालं, असं पारावर अजून विचारतात. फार मोठं काही झालेलं नाही. सकाळी पासपोर्टचे फोटो, दुपारी एखाद्या बाळाचा पहिला वाढदिवस आणि निवडणूक आली की हात जोडलेल्या पुढाऱ्यांची रांग. लग्नसराईत मात्र तिला उसंत नसते. नवऱ्या तिचंच नाव घेऊन येतात म्हणे. मी तूर निवडायला बसते तेव्हा उंबरा मोकळा असतो आणि मला कुणाशी तरी भांडावंसं वाटतं.

मागच्या महिन्यात तिला फोन केला. विचारलं, तिथं कुणी कामात ढवळाढवळ करत नाही ना? तर ती सांगत सुटली. कुणाची आत्या जागा ठरवते, कुणाचे काका दिवा कुठं धरायचा ते शिकवतात, कुणी म्हणतं गोरं कर, कुणी म्हणतं टक्कल झाक. मला फार वाईट वाटलं. तीन वर्षं पोटात राहिलेली माफी मी अखेर मागायला घेतली. "फोटू, तेव्हा कळमनुरीला मी जे केलं ना..."

तिने मला पुरं बोलूच दिलं नाही. "ऱ्हाऊ द्या आज्जी. हितं येनारं प्रत्येक गिऱ्हाईक तुमच्यावानीच हाय. बरं झालं, माझा सराव घरीच झाला."