अक्कांच्या डब्यावरची चिठ्ठी

“कोणाला अक्षर लागत नाही, तेच तर भारी आहे सर,” हर्षल म्हणाला. “पाकिटावर छापलं की लोक बघतच राहतील.”

माझ्या जळगावच्या ऑफिसात टेबलावर वहीच्या पानाचा एक तुकडा पडला होता, प्लास्टिकच्या पिशवीत जपून घातलेला. त्यावर मार्करने केलेला काळा गुंता. तोच त्याला लोगो म्हणून हवा होता.

हर्षलचं घर धुळ्यातलं, मसालेवाल्यांचं. धंदा उभा केला त्याच्या आईने. सगळं गाव तिला अक्का म्हणायचं. शेवटचे तीन महिने अक्कांचं उजवं अंग लुळं पडलं होतं आणि वाचाही गेली होती. त्या अवस्थेत त्यांनी डाव्या हाताने ही चिठ्ठी लिहिली आणि नवऱ्याकडून, म्हणजे नानांकडून, मसाल्याच्या एका डब्याला चिकटवून घेतली. काय लिहिलंय ते कोणालाच कळलं नाही. स्वतःचं नाव लिहिलं असणार, असं घरच्यांनी ठरवून टाकलं.

मी तीस वर्षं अक्षरं काढतोय. आधी ट्रक रंगवले, मग दुकानांचे बोर्ड. आता त्यालाच एक्सपेरिमेंटल कॅलिग्राफी म्हणतात. म्हणजे बोरू सोडून केळीचा वाळका दांडा घ्यायचा, नाहीतर खराट्याची काडी. शिरोरेघ तोडायची, काना वाकवायचा. कितीही वाकवा, पण वाचता आलं पाहिजे, हा माझा हट्ट. हर्षलला तसं स्पष्ट सुनावलं.

“सर, सोमवारी सिलिंडरला द्यायचंय हो!”

सिलिंडर म्हणजे पाकिटं छापायचा धातूचा रूळ. त्यावर एकदा कोरलं की कोरलं. सोमवारीच नव्या ब्रँडची पहिली बॅचही निघणार होती. त्यांच्या घरची एक रीत आहे. दह्याला विरजण लावतात तसा नव्या मसाल्यात मागच्यातला मूठभर मसाला घालायचा. या वेळचा मान अक्कांच्या त्या चिठ्ठीवाल्या शेवटच्या डब्याला होता. आख्खा डबाच ओतणार होते.

“ठेवून जा,” मी म्हणालो. “बघतो.”

दुसऱ्याचं अक्षर कॉम्प्युटरवर नुसतं ट्रेस केलं तर ते मेल्यासारखं दिसतं. ते उचलायचं तर लिहिणाऱ्यासारखं बसावं लागतं. अक्कांनी पडून, कोपर गादीला टेकवून लिहिलं होतं. मीही सतरंजी टाकली आणि आडवा झालो. मे महिना, दुपारचे तीन, लाइट गेलेली. हसू नका, आमचा धंदाच असा आहे.

कोपर हलत नसेल तर हात पुढे सरकत नाही. म्हणून त्यांची सगळी अक्षरं एकावर एक पडली होती. मार्कर जिथे टेकतो तिथे शाई जाड होते. ते ठिपके बघून कुठली रेघ आधी, कुठली नंतर, हे लावलं. मग तोच गुंता डाव्या हाताने पुन्हा पुन्हा काढत गेलो.

चाळीसेक कागद झाले असतील. मी चिठ्ठीकडे बघायचं कधी थांबवलं ते आठवत नाही. हात आपला चालला होता, आणि तो दाबून लिहायला लागला. माझा हात हलका आहे, मी कधीच दाबून लिहीत नाही. तरी शेवटच्या रेघेला कागद टर्रकन फाटला.

मी चिठ्ठी उजेडात धरली. तीही त्याच रेघेवर फाटलेली होती.

एवढ्या जोराने कोणी स्वतःचं नाव लिहीत नाही. ही बाई जीव तोडून काहीतरी सांगत होती. मग मी डाव्या हाताने त्याच क्रमाने लिहीत गेलो आणि उजव्या हाताने खालचा कागद थोडा थोडा सरकवत राहिलो. एकावर एक बसलेली अक्षरं सुटी झाली.

विकू नका.

फोनवर हर्षल हसला. “काहीतरीच काय, सर!”

“हसतोस काय? त्या डब्याला हात लावू नको. मी येतोय.”

रविवारी सकाळच्या एस.टी.ने धुळं गाठलं. डबा अक्कांच्या फोटोपुढे होता, हळदकुंकू वाहिलेला. नानांच्या समोर बसून मी पुन्हा डाव्या हाताने लिहिलं, कागद सरकवत. नाना एकेक अक्षर वाचत गेले.

“तिनाच हात शे हा,” ते म्हणाले. “पेंटर भाऊ, तुमले कशा काय जमना?”

हर्षलने डबा उघडला आणि मसाला पेपरवर ओतला. वरचा लालभडक, घमघमीत. शेवटी तळातून एक वाळलेली पाल पडली.

हा मसाला डब्यात भरला त्या दिवशी अक्कांची खाट त्याच खोलीत होती. पाल पडताना फक्त त्यांनीच पाहिली असणार.

“ती डबाकडे हात करे,” नाना म्हणाले. “माले वाटनं, तिले डबा जवळ पाहिजे. मी उशाशी ठेवा.” आणि ते लहान मुलासारखे रडले. तीन महिने ती बाई त्याच डब्याशेजारी झोपली होती. मला तिथे बसवेना.

मसाला खड्डा करून पुरला. सिलिंडर पंधरा दिवस पुढे गेला. लोगो म्हणून मी शाळेच्या फळ्यावर लिहितात तसं साधं, सरळ ‘अक्का’ दिलं. हर्षलने तेच सिलिंडरला दिलं. चिठ्ठी आता फ्रेममध्ये आहे, मसाला चाळतात त्या जागेच्या वर.

डाव्या हाताने लिहायचं मी सोडलं. तो हात मोकळा सोडला की अजून तेच दोन शब्द उमटतात, दाबून.

वाचता न येणाऱ्या अक्षराला सुंदर म्हणणारे क्लायंट अजूनही येतात. त्यांना मी एवढंच सांगतो की आधी ते वाचा, मग छापा. लिहिणाऱ्याने ते सजावटीसाठी लिहिलेलं नसतं.