मेजरच्या श्वासाबद्दल

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. भावाजवळ नाही, ऑफिसातल्या मैत्रिणींजवळ नाही. आणि ज्यांच्याजवळ बोलायला हवं होतं, त्या बाबांजवळ तर नाहीच. ते शेजारच्या खोलीत असतात. चार पावलांवर. तरी नाही.

आमच्याकडे पग जातीचा एक कुत्रा होता. चपट्या तोंडाचा, आखूड पायांचा, कपाळावर आठ्या घेऊनच जन्मलेला. आई गेल्यावर धाकट्या भावानं, राजूनं, तो नागपूरहून आणला आणि बाबांच्या मांडीवर ठेवला. बाबांचं सगळं आयुष्य लष्करी कारखान्यात आणि छावणीच्या आसपास गेलेलं, म्हणून त्यांनी नाव ठेवलं मेजर.

आई साध्या ऑपरेशनला म्हणून आत गेली होती, ती परत आलीच नाही. तेव्हापासून बाबा कुठल्याही दवाखान्याच्या दाराच्या आत पाऊल टाकत नाहीत. बोलणंही तेव्हाच आटलं होतं. माझ्याशी तर चहा, दूधवाला, गॅस, एवढंच. मेजर आला आणि त्याच्याशी मात्र ते दिवसभर बोलायला लागले. "काहून रे, जेवून नाही राहिला? वंदूनं तिखट केलं का?" वंदू म्हणजे मी, स्वयंपाकघरात उभी राहून ऐकायची.

मेजर घोरायचा. जागेपणीही घोरायचा. पाहुणे हसायचे, मोबाईलवर त्याचे व्हिडिओ काढायचे, आणि बाबा अभिमानानं सांगायचे, "फौजी माणूस आहे. इंजिन चालू ठेवूनच झोपते." मीही हसायचे. तो बसल्या बसल्या झोपायचा, हनुवटी उंबऱ्यावर टेकवून, मान वर करून. खाल्लेलं फेसासकट परत यायचं. आम्हाला वाटायचं, लाडावलाय.

त्या वर्षी होळीच्या आधी एका रविवारी बाबा केस कापायला गेले होते. मी गच्चीवर पापड वाळत घालत होते आणि मेजर पायात घुटमळत होता, म्हणून मी त्याचा चेंडू लांब फेकला. तो धावला, चेंडूपर्यंत पोचला, आणि उभ्या उभ्या कोसळला. मी जवळ गेले तर जीभ बाहेर, जांभळी — जांभळासारखी जांभळी. डोळे उघडे, पण बघत नव्हते. मी पाणी शिंपडलं, पदरानं वारा घातला. कसं कोण जाणे, छाती हलली. थोड्या वेळानं उठला, अंग झटकलं, आणि बाबा आले तेव्हा फाटकाशी शेपूट हलवत उभा होता.

मी बाबांना सांगितलं नाही. तेव्हा तरी वाटलं, उगाच घाबरतील. हे मी आधी स्वतःला सांगितलं, आणि पुढे किती दिवस सांगत राहिले. यात थोडं खरं होतंही. म्हणूनच त्याचा आधार घ्यायला सोपं गेलं.

तो आणखी एकदा जिन्यात पडला. तेव्हाही बाबा घरी नव्हते. मग मात्र मीच म्हणाले, एकदा दाखवून आणू.

जनावरांच्या दवाखान्यात बाबा आले, पण बाहेर कडुनिंबाखालच्या बाकावर बसले. मी मेजरला घेऊन आत गेले. डॉक्टर तरुण मुलगी होती, शांत. तिनं मेजरच्या नाकपुड्या दाखवल्या. भोकं कसली, नुसत्या चिरा. म्हणाली, टाळूच्या मागचा पडदाही यांचा लांब असतो, तो श्वासाच्या वाटेवर लोंबतो. घोरणं नाही दीदी, हे हवेसाठी झगडणं आहे. नाकपुड्या थोड्या रुंद करायच्या, पडदा कापून आखूड करायचा, असं ऑपरेशन असतं. पण प्रत्येक पगला ते लागत नाही. भुलीचा धोका या जातीला जास्त, म्हणून उगाच करायचं नाही. काहींचं वजन कमी केलं, उन्हापासून जपलं की भागतं.

"मैं तो थोड़ी देर ही देख रही हूँ," ती म्हणाली, "घर पे तो आप देखते हो. खेलने के बाद कभी गिरा है? बेहोश हुआ? जीभ नीली पड़ी?"

आणि सांगितलं, तसं झालं असेल तर विचार करत बसायचं नाही. उन्हाळ्याच्या आत करून टाकायचं.

आता इथे मला थांबावंसं वाटतं. तुम्हाला वाटत असेल, बाबांची आठवण आली असेल, बाहेर बाकावर बसलेले बाबा, ऑपरेशन हा शब्द कसा सांगायचा... तसं असतं तर किती बरं झालं असतं. पण माझ्या डोक्यात त्या क्षणी पचमढी होती.

ऑफिसातल्या दोघींबरोबर मी पचमढीला फिरायला जाणार होते. होळीनंतर लगेच. आई आजारी पडली तेव्हापासून मी कुठे गेले नव्हते, आणि या खेपेला सगळं ठरलं होतं, मी नवी चप्पलसुद्धा आणली होती. ऑपरेशन म्हणजे दवाखान्याच्या फेऱ्या, नंतर मऊ खाणं, भुंकू द्यायचं नाही, पळू द्यायचं नाही, डोळ्यात तेल घालून राखण. बाबा तर दारातून आत यायला तयार नाहीत. म्हणजे मीच. पुन्हा मीच.

मी म्हणाले, "नहीं. ऐसा तो कुछ नहीं हुआ."

तिनं पुन्हा विचारलं, "पक्का?"

मी म्हणाले, "पक्का."

मेजर टेबलावर उभा होता. माझ्याकडे बघत श्वास ओढत होता — आवाज खोलीभर. तिनं मान हलवली. ठीक आहे म्हणाली, वजन उतरवा, गळ्यात पट्टा नको, उन्हात नेऊ नका, आणि एकदा जरी पडला तर लगेच या.

बाहेर आले. बाबा उठून उभे राहिले. "काय म्हणाली गं?"

"काही नाही बाबा. या जातीचे असेच श्वास घेतात. उन्हात तेवढं न्यायचं नाही, ऑपरेशनची गरज नाही म्हणाली."

त्यांनी मेजरला माझ्या हातातून घेतलं आणि त्याच्या डोक्यावर गाल टेकवला. मी रिक्षा बघायला वळले.

पचमढी छान झाली. हेही सांगून टाकते. मी तिथे मनापासून हसले.

मे महिन्यात नौतपा, म्हणजे सगळ्यात कडक उन्हाचे ते नऊ दिवस, लागायच्या आधी एक दिवस आभाळ आलं. मी ऑफिसात होते. मेजर दाराशी कुरकुरत होता, म्हणून बाबांनी संध्याकाळी, ऊन नाही असं बघून, त्याला सिव्हिल लाइन्सच्या झाडांच्या रस्त्यानं फिरायला नेलं. ऊन नव्हतंच. नुसती उकाड्याची वाफ. थोडं चालल्यावर मेजर बसला. मग आडवा झाला. बाबांनी त्याला उचललं आणि त्या वयात छातीशी धरून पळत सुटले. एका रिक्षावाल्यानं त्यांना दवाखान्यात पोचवलं. ज्या दारातून ते आत जात नव्हते, त्या दारातून ते त्या दिवशी आत गेले. पण तोवर मेजर गेला होता.

मी पोचले तेव्हा ते त्याच टेबलाशी उभे होते. म्हणाले, "मी काहून नेलं गं त्याले?"

तेव्हा सांगता आलं असतं. बाबा, तुम्ही नाही, मी — एवढेच शब्द. डॉक्टर मुलगी समोर उभी होती. तिनं माझ्याकडे बघितलं, काही विचारलं नाही. मला वाटतं, तिला कळलं होतं. मी बाबांचा खांदा धरला आणि गप्प राहिले.

आणि नुसती गप्प राहिले असते तरी... दुसऱ्या दिवशी राजूचा फोन आला. कसा काय गेला एकदम, डॉक्टर तर ठीक म्हणाले होते ना? बाबा पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडले होते. झोपले नव्हते, हे मला माहीत होतं. मी म्हणाले, "अरे, बाबांनी उकाड्यात फिरायला नेला. डॉक्टरनं सांगितलं होतं, नेऊ नका."

मी हे हळू आवाजात बोलले नाही. पलंगावर त्यांची पाठ हलली नाही. पण पायाची बोटं आत वळली, चादरीखाली. मी ती बघितली. मेजरबद्दल मला जे वाटतं ते वेगळं. पण रात्रंदिवस डोळ्यांपुढे येतात ती त्यांची बोटं.

बाबांनी फिरायला जाणं सोडलं. मेजरचा पट्टा, वाटी, चेंडू, सगळं कुठे ठेवलं मला माहीत नाही. परत एकदा चहा, दूधवाला, गॅस. मात्र कुणी मेजरचा विषय काढला की ते स्वतःहून सांगतात. लपवत नाहीत. मी नेला होता, माझ्या हातून गेला. भेटेल त्याला. भाजीवाल्यालासुद्धा.

गेल्या आठवड्यात शेजारची नवी सून तिचं पिल्लू दाखवायला घेऊन आली. तसंच चपटं तोंड, तसाच आवाज. बाबा बऱ्याच दिवसांनी खुर्चीतून उठले. पिल्लाला हात लावला नाही, दोन्ही हात पाठीमागे धरून वाकून बघत राहिले.

"बेटा, इसको गर्मी में बाहर मत निकालना," ते म्हणाले. "मैं ले गया था. मेरी गलती से मर गया."

तिला वाईट वाटलं. म्हणाली, "अंकल, डॉक्टर को नहीं दिखाया था?"

"दिखाया था ना. मेरी बेटी ने दिखाया, सब पूछा. डॉक्टर ने कहा था, ऑपरेशन नहीं लगेगा. डॉक्टर की गलती नहीं, इसकी भी नहीं." मग ते माझ्याकडे वळले, आणि मराठीत, अगदी मऊ आवाजात म्हणाले, "हो ना, वंदू?"

मी म्हणाले, "हो, बाबा."