न बोललेलं वाक्य

परवा नातीच्या अभिनयाच्या क्लासात कुणीतरी तोंडाला रंग लावायला खोबरेलात सफेदा कालवत होतं. त्या वासानं मी थेट सांगलीच्या नाटक कंपनीच्या तालमीच्या खोलीत पोचले.

तेव्हा मी सोळा वर्षांची होते. काम मिळतंय का पाहायला आईबरोबर खेड्यातून आले होते. मास्तरांनी माझ्या हातात एक कोरा कागद दिला.

"ही तार आहे असं समज. 'बाबा लढाईत मारले गेले' म्हण आणि रड."

माझे वडील खरंच ब्रह्मदेशात लढाईवर होते आणि बरेच दिवस त्यांची काही खबर नव्हती. हे शब्द तोंडातून निघाले तर खरे होतील, असं वाटलं. हात थरथरू लागले.

"छान," मास्तर म्हणाले. "आता बोल."

माझी भीती त्यांना अभिनय वाटली होती.

दाराशी बसलेली आई उठून पुढं आली. "आवं मास्तर, तिचा बा खरंच लढाईवर हाय. तेवढं नगा म्हणायला लावू."

मास्तरांनी माझ्या हातातला कागद हळूच काढून घेतला आणि दुसरं वाक्य दिलं.

पुढं वडील सुखरूप परतले. मीही नाटकांतून पुष्कळ कामं केली. पण ते हयात होते तोवर, बाप गेल्याचं वाक्य असलेली एकही भूमिका मी घेतली नाही.